आई आली की आई आल्या?

सूनबाई फोनवर म्हणाली, ‘थांब जरा, आई आली,’ तर दारात तिची स्वतःची आई आहे. ‘थांब जरा, आई आल्या,’ म्हणाली, तर सासूबाई. नाम तेच, धातू तोच. क्रियापदाच्या शेपटाने सासर आणि माहेर वेगळं केलं. तसंच ‘दादा आला’ म्हणजे भाऊ घरी आला आणि ‘दादा आले’ म्हणजे बहुधा सभा सुरू होणार.

वाक्याचा अर्थ म्हणजे आतल्या शब्दांच्या अर्थांची बेरीज, असं उत्तर आपण सहज देऊन मोकळे होतो. ते खोटं नाही, अपुरं आहे. १२ आणि २१ मध्ये आकडे तेच असतात; कोण कुठल्या घरात बसलाय त्यावर किंमत ठरते. भाषेत ही घरं व्याकरण आखतं. गंमत म्हणजे आखणी करणारी मंडळी अगदी किरकोळ दिसतात. एखादा ‘च’, एखादा ‘ला’, वाक्याच्या टोकाला लोंबणारं एखादं ‘नाही’. शब्दकोशात यांना जेमतेम दोन ओळी मिळतात, पण वाक्यात सगळी सूत्रं यांच्याच हातात असतात.

कोण कोणाला खातं?

‘मांजर उंदीर खातं.’ आता शब्दांची अदलाबदल करा: ‘उंदीर मांजर खातं.’ उंदराचं नशीब काही बदललं नाही, जेवतंय मांजरच. आता क्रम पहिलाच ठेवा आणि शेवटचं अक्षर तेवढं बदला: ‘मांजर उंदीर खातो.’ झाली क्रांती! ‘खातं’ नपुंसकलिंगी, म्हणून खाणारं मांजर; ‘खातो’ पुल्लिंगी, म्हणून खाणारा उंदीर. कानाला खटकेल, पण व्याकरणाच्या कोर्टात निकाल उंदराच्या बाजूने लागतो. इंग्रजीत हा निकाल जागेवरून लागतो: क्रियापदाच्या आधी बसला तो खाणारा, नंतर बसला तो खाल्ला जाणारा. मराठीत जागेचा एवढा दरारा नाही.

भूतकाळात तर क्रियापद चक्क पक्ष बदलतं. ‘मांजराने उंदीर खाल्ला, चिमणी खाल्ली, पिल्लू खाल्लं.’ खाणारं एकच, पण क्रियापद ज्याला खाल्लं त्याच्या मागे जातं. त्या बिचाऱ्याला ‘ला’ लावा: ‘उंदराला खाल्लं, चिमणीला खाल्लं.’ आता क्रियापद दोघांनाही विचारत नाही, तटस्थ राहतं. कर्तरी, कर्मणी, भावे ती हीच त्रयी, जिच्यावर शाळेत आपण मार्क मिळवले आणि विसरलो. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या जाडजूड ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त या प्रयोगांवर बरीच शाई खर्ची पडली आहे, आणि वाद अजून मिटलेले नाहीत.

पाणिनीने तर दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी, सुमारे चार हजार सूत्रांच्या व्याकरणात, क्रियेशी थेट नातं असलेली सहाच कारकं मानली: कर्ता, कर्म, करण, संप्रदान, अपादान, अधिकरण. पाठांतरातली आपली षष्ठी त्यात नाही. ‘रामाच्या भावाने आंबा खाल्ला’ या वाक्यात रामाचं नातं भावाशी आहे, खाण्याशी नाही. आंब्याची चवही न घेता वाक्यात पहिल्या रांगेत बसलेला हा राम पाणिनीने बरोबर ओळखला होता.

पोहे कुठल्या वाक्यात आहेत?

‘काल आम्ही मुलगी पाहिली’ असं म्हटलं की समोरचा विचारतो, ‘मग? पसंत पडली का?’ ‘काल आम्ही त्या मुलीला पाहिलं’ म्हटलं तर विचारतो, ‘कुठे?’ कांदेपोहे पहिल्या वाक्यात आहेत, दुसऱ्यात नाहीत, आणि हा सगळा खेळ ‘ला’चा. मराठीत कर्म सजीव आणि ठरावीक असेल तर त्याला ‘ला’ लागतो. निर्जीवाला सहसा लागत नाही. घर पाहिलं, गाडी पाहिली, फ्लॅट पाहिला. ‘मुलगी पाहिली’ची रचना थेट फ्लॅट पाहण्याची आहे, यावर एक खरमरीत लेख होऊ शकतो. ‘मुलगा पाहिला’ हाही त्याच भावाने जातो, एवढं फक्त लेख लिहिणाऱ्याने ध्यानात ठेवावं.

एका ‘च’ची पाच भांडणं

वाक्य साधं आहे: वहिनींनी काल मला पैसे दिले. यात ‘च’ फिरवत न्या.

वहिनींनीच काल मला पैसे दिले. (दादाचा हात खिशात गेला नाही.)
वहिनींनी कालच मला पैसे दिले. (आज पुन्हा कशाला मागू?)
वहिनींनी काल मलाच पैसे दिले. (तू बस बोंबलत.)
वहिनींनी काल मला पैसेच दिले. (साडीची आशा होती.)
वहिनींनी काल मला पैसे दिलेच. (नको नको म्हणत होते तरी.)

घटना एकच, पैसेही तेवढेच. पण प्रत्येक वाक्यात न उच्चारलेलं दुसरं वाक्य दडलंय, आणि घरातलं भांडण नेहमी त्या दुसऱ्या वाक्यावरूनच पेटतं. ‘च’ला स्वतःचा असा अर्थ विचारला तर सांगता येणार नाही, तो ज्याला चिकटतो त्याच्याशिवायच्या सगळ्यांना बाहेर काढतो, एवढंच त्याचं काम.

‘का’चा प्रकार आणखी सोपा, आणि जास्त धोक्याचा. ‘तू येतोस का?’ हे आमंत्रण. ‘तू का येतोस?’ हा अपमान. शब्द तीनच, तेच. ‘का’ एक घर सरकला आणि पाहुणा परत गेला. ‘काय’चंही असंच. ‘काय खातोस?’ असं आजी विचारते. ‘खातोस काय?’ हा प्रश्न हात उगारून विचारलेला असला, तर उत्तर न देता पळावं.

तुनोक्तम् आणि शिष्याचा गुरू

वाक्याचा अर्थ नक्की कसा तयार होतो, यावर साधारण सातव्या शतकात मीमांसकांत, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या पंडितांत, जोरदार जुंपली. कुमारिल भट्टांचा पक्ष म्हणे, प्रत्येक शब्द आधी आपापला अर्थ सांगतो, मग ते अर्थ एकमेकांशी जोडले जातात. याला म्हणतात अभिहितान्वयवाद. प्रभाकरांचा पक्ष म्हणे, छे! सुटा अर्थ असतोच कुठे? शब्द बोलतो तो दुसऱ्यांशी जोडलेला अर्थच. हा अन्विताभिधानवाद. नावं दातात अडकणारी आहेत, पण प्रभाकरांचा पुरावा घरगुती होता: मूल भाषा कशी शिकतं ते बघा. मोठी माणसं एकमेकांना म्हणतात ‘गाय आण’, ‘गाय बांध’, ‘घोडा आण’. कोण काय करतं ते मूल पाहतं, आणि वाक्यांच्या अदलाबदलीतून ‘गाय’ म्हणजे काय, ‘आण’ म्हणजे काय ते ओळखतं. शब्दकोश उघडून कोणतंही मूल बोलायला शिकलेलं नाही. माझं मत विचाराल तर या बाबतीत प्रभाकरांचं पारडं जड आहे.

या प्रभाकरांविषयी एक आख्यायिका आहे. कुमारिल हे त्यांचे गुरू. एकदा पोथी शिकवताना कुमारिल एका ओळीपाशी अडले. तिचा अर्थ निघत होता असा: ‘इथे सांगितलं नाही, तिथेही सांगितलं नाही, म्हणून पुनरुक्ती झाली.’ दोन्हीकडे सांगितलंच नाही, तर पुनरुक्ती कसली? गुरू विचारात पडून बाहेर गेले. प्रभाकराने पोथीतला ‘तुनोक्तम्’ वेगळा तोडला. ‘तु न उक्तम्’, म्हणजे ‘पण सांगितलं नाही’, असं वाचायचंच नाही. ‘तुना उक्तम्’ वाचायचं, म्हणजे ‘तु या शब्दाने सांगितलं’. पुढचं ‘अपिनोक्तम्’ही तसंच तोडायचं, ‘अपि या शब्दाने सांगितलं’. आता अर्थ लख्ख झाला: इथे ‘तु’ने सांगितलं, तिथे ‘अपि’ने तेच सांगितलं, म्हणून पुनरुक्ती. अक्षर एकही बदललं नाही, ‘नाही’चं ‘आहे’ झालं. कुमारिल परतले, पोथी पाहिली, आणि शिष्यालाच ‘गुरू’ म्हणाले. प्रभाकरांच्या मताला आजही गुरुमत म्हणतात. गोष्ट खरी की रचलेली, हे बाजूला ठेवा. तिचे नायक ‘तु’ आणि ‘अपि’ आहेत, म्हणजे आपल्या ‘पण’ आणि ‘ही’चे आजोबा, हे मला विशेष आवडतं.

या शास्त्रकारांनी वाक्य जुळायला तीन अटीही घातल्या होत्या. एक आकांक्षा: शब्दाला शब्दाची ओढ हवी, ‘गाय, घोडा, माणूस, हत्ती’ ही यादी झाली, वाक्य नव्हे. दोन योग्यता: ‘विस्तवाने झाडं शिंपली’ हे व्याकरणात बसतं, बुद्धीत बसत नाही. तीन संनिधी: शब्द जवळजवळ उच्चारायला हवेत. एक शब्द आत्ता आणि दुसरा प्रहराने म्हटला तर वाक्य होत नाही. ‘मी’, ‘येतोय’, ‘असं’, ‘समजू नकोस’ असे चार वेगवेगळे मेसेज व्हॉट्सॲपवर पाठवणाऱ्यांनी ही तिसरी अट फ्रेम करून भिंतीवर लावावी.

पुढे हजारेक वर्षांनी जर्मन गणितज्ञ गॉटलोब फ्रेगे यांनी १८८४ च्या पुस्तकात बजावलं, की शब्दाचा अर्थ सुटा विचारू नका, वाक्यात विचारा. हे झालं प्रभाकरांच्या जवळचं. आणि ‘वाक्याचा अर्थ घटकांच्या अर्थांतून आणि त्यांच्या मांडणीतून बनतो’ हे तत्त्वही फ्रेगेंच्याच नावावर ओळखलं जातं. ते कुमारिलांच्या जवळचं. दोन्ही संघांकडून खेळून दोन्हीकडे मानकरी ठरलेला हा दुर्मिळ खेळाडू.

बसणं महागात पडतं

मराठीची खरी चैन पाहायची असेल तर जोडीची क्रियापदं पाहा. पत्र लिहिलं, एवढं म्हणून आपलं समाधानच होत नाही. लिहून टाकलं: एकदाची कटकट मिटवली. लिहून ठेवलं: पुढे लागेल. लिहून दिलं: दुसऱ्यासाठी. लिहून पाहिलं: जमतंय का बघितलं. लिहून काढलं: कंटाळा न करता सगळं. आणि लिहून बसलो: आता डोक्याला हात.

यात कुणी काही टाकलं नाही, ठेवलं नाही, बसलं तर मुळीच नाही. दुसरं क्रियापद आपला कोशातला अर्थ घरी ठेवून येतं आणि फक्त भाव पुरवतं. त्यातही ‘बसणे’ हे पश्चात्तापाचं खास क्रियापद आहे: बोलून बसलो, होकार देऊन बसलो, सही करून बसलो. पण ‘चहा पिऊन बसला’ यात माणूस खरोखर खुर्चीत असतो. ‘तो पैसे देऊन बसला’ मात्र दोन्हीकडे झुकतं: तिकीट काढून बाकावर बसला असेल, किंवा एखाद्या भामट्याच्या हातात पैसे देऊन हळहळत असेल. कोणता अर्थ घ्यायचा, ते त्याच्या तोंडाकडे बघून ठरवावं लागतं.

आणखी एक गंमत करून बघा. ‘लिहून टाकलं’ झकास. ‘लिहून टाकलं नाही’ म्हणून पाहा, जीभ अडखळते. तिथे आपण मुकाट्याने ‘लिहिलं नाही’वर येतो. जे झालंच नाही ते एकदाचं उरकून टाकण्याचा आव आणायचा तरी कसा?

विदर्भात ‘राहणे’ आणखी वेगळ्या नोकरीवर आहे. ‘काय करून राहिला?’ म्हणजे आत्ता या क्षणी काय चाललंय. पुण्याच्या कानाला त्यात कुणीतरी काहीतरी उरकून तिथेच मुक्काम ठोकल्यासारखं वाटतं. नागपूरकराला तसं काही वाटत नाही, आणि भाषा त्याची आहे.

क्रियापदाच्या पोटातला ‘व’ही असाच दुटप्पी. ‘नातू आजीला जिना चढवतो’ हे प्रयोजक, नातू गुणी. ‘आजीला आता जिना चढवत नाही’ हे शक्य क्रियापद, गुडघे थकले. आता मधलं ‘आता’ काढा आणि म्हणा, ‘आजीला जिना चढवत नाही.’ आजी थकली की नातू नालायक, वाक्याला सांगता येत नाही.

पुरणपोळी, तेलपोळी, आमरसपोळी

पुरणपोळीत पुरण आत भरलेलं असतं. तेलपोळीत तेल भरलेलं नसतं, ती तेलावर लाटलेली असते. आमरसपोळीत तर दोन पदार्थ ताटात शेजारी शेजारी. तिन्ही ठिकाणी व्याकरणाने केलं एवढंच की दोन शब्द चिकटवले. नातं काय ते स्वयंपाकघर जाणतं. पंडितांनी ‘पुरण भरून केलेली पोळी’ असा विग्रह करून त्याला मध्यमपदलोपी समास म्हटलं. म्हणजे मधलं ‘भरून केलेली’ गाळलं. पण काय गाळलं, हे फक्त ज्याने पोळी खाल्लीय त्यालाच कळणार! क्रमही महत्त्वाचा: वडापाव मागितला तर पावात वडा येतो, पाववडा मागितला तर पावच पिठात बुडवून तळून येतो. भूक लागली असताना समास चुकवू नये.

शुद्ध गाय

‘शुद्ध गाईचं तूप’ या पाटीवर हसून झालं असेल तर मूळ कारण बघू. ‘शुद्ध’ हे विशेषण बदलत नाही, त्यामुळे ते गाईचं की तुपाचं, कळत नाही. आकारान्त विशेषण घेतलं की भांडण मिटतं: ‘जुनं पुस्तकांचं दुकान’ म्हटलं तर दुकान जुनं, ‘जुन्या पुस्तकांचं दुकान’ म्हटलं तर पुस्तकं जुनी. व्वा! पण त्या दुकानात पाऊल टाका. ‘जुन्या पुस्तकांच्या दुकानात’ म्हटलं की सगळं सामान्यरूप झालं आणि पुन्हा गोंधळ, जुनं कोण? उंबरठ्याबाहेर स्पष्ट असलेलं वाक्य आत गेल्यावर संदिग्ध होतं.

दोन लाडू की दोन दोन लाडू

दहा मुलांना दोन लाडू दिले तर मारामारी. दोन दोन लाडू दिले तर वीस लाडू आणि शांतता. शब्द नुसता दुप्पट म्हटला आणि हिशेब दसपट झाला. अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रिचर्ड मॉन्टॅग्यू यांनी १९७० च्या सुमारास माणसाची भाषा गणिती भाषेसारखीच काटेकोरपणे मांडता येते असा दावा केला. त्यांच्या परंपरेत गाजलेला एक पेच असा: ‘सगळ्या मुलांनी एक पुस्तक वाचलं’ म्हणजे सगळ्यांनी मिळून तेच पुस्तक, की ज्याने त्याने आपापलं? त्यावर सूत्रांची पानंच्या पानं आहेत. मराठी शिक्षिका ‘एकेक पुस्तक’ म्हणते आणि तासाला लागते.

‘नाही’चा पेच मात्र इतका स्वस्तात सुटत नाही. ‘त्याने पैशासाठी नोकरी सोडली नाही.’ सोडली, पण कारण पैसा नव्हतं? की पैसा मिळतोय म्हणून सोडलीच नाही? पहिल्या अर्थाने तो तत्त्वनिष्ठ, दुसऱ्या अर्थाने अगदी उलट. निवृत्तीच्या भाषणात हे वाक्य वापरायचं असेल तर ‘पैशासाठी’वर जोर द्यावा आणि मग क्षणभर थांबावं.

चारशे मिलिसेकंद

क्रियापद शेवटी येतं म्हणून मराठी श्रोता वाक्य संपेपर्यंत अर्थ लावायचा थांबतो का? मुळीच नाही. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० साली इंग्रजी वाचणाऱ्यांच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून पाहिलं. वाक्याच्या शेवटी अर्थाला न जुळणारा शब्द आला, की साधारण ४०० मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत आलेखात एक ठळक लाट दिसते. तिचं नाव पडलं एन ४००. समजा कुणी म्हणालं, ‘गरमागरम पोळीवर चमचाभर रुमाल घातला.’ रुमालापाशी थबकायला आपल्याला अर्धा सेकंदही लागत नाही. विस्तवाने झाडं शिंपणारा जो माळी शास्त्रकारांनी उभा केला, त्याचा आलेख निघाला तो असा.

कान टोचा, पण डावा नको

वाक्प्रचार हा या सगळ्या कारभारातला फितूर. ‘साहेबांनी त्याचे कान टोचले’ म्हणजे खरडपट्टी काढली. ‘साहेबांनी त्याचा डावा कान टोचला’ म्हटलं की साहेब सोनार होतात. मधे एक साधं विशेषण घुसवलं तरी वाक्प्रचार मोडतो आणि शब्द आपापल्या मूळ अर्थांवर परत जातात. हीच परीक्षा ‘हात टेकले’ला लावा: ‘उजवा हात टेकला’ म्हणजे हार मानली नाही, घसरता घसरता वाचला. काही वाक्प्रचार तर अर्थ उलटा करूनच घेतात. नारळ वाढवला म्हणजे फोडला, दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं. हे ठाऊक नसलेला पाहुणा दुसऱ्या शाखेच्या उद्घाटनाचे पेढे मागेल.

आलोच

काळांचंही तेच. निरोप घेताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि जातो. स्वयंपाकघरातून ‘पानं घेतलीत’ अशी हाक आली की ‘आलो आलो’ म्हणतो, आणि जागचे हलत नाही. क्रियापद भूतकाळाचं, येणं भविष्यातलं, माणूस वर्तमानात मोबाइलवर. मित्र स्टेशनवर वाट बघत असतो आणि इकडून उत्तर जातं, ‘निघालोच!’ अंगावर पांघरूण घेऊन म्हटलं तरी हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध असतं.